पहिल्या नंबरची पसंती

नाकाडोंगरीत कुणाला बैल घ्यायचा असला की तो आधी इश्वरभाऊच्या अंगणात येतो, चहा पितो आणि मगच बाजाराची वाट धरतो. आता बैल घेणारे उरलेत तरी किती? ट्रॅक्टरनं निम्मे गोठे रिकामे केले. पण धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, लहान आणि चिखल गुडघाभर असला की ट्रॅक्टरचंही काही चालत नाही. अशा बांध्यांचे मालक इश्वरभाऊला मोटरसायकलवर मागे बसवून बैलबाजारात नेतात. तो या कामाचं काही घेत नाही. त्याला त्यातला मान आवडतो, आणि मानापेक्षा थोडी जास्त त्यातली लबाडी आवडते.

लबाडी साधीच आहे. मनात भरलेल्या जोडीकडे इश्वरभाऊ ढुंकूनही पाहत नाही. आधी तो नको असलेल्या जोडीपाशी जातो, तिचे दात पाहतो, पाठीवर थाप मारतो, चार लोकांना ऐकू जाईल अशी तिची तारीफ करतो. इकडे हव्या असलेल्या जोडीच्या मालकाचा जीव खालीवर होत असतो, की गिऱ्हाईक चाललं हातचं. मग इश्वरभाऊ दुसऱ्या जोडीपाशी जातो. आणि तिसऱ्या खेपेला, जणू वाट चुकून आला, असा हव्या त्या जोडीपाशी उभा राहतो. तोवर तिचा मालक चांगला नरम झालेला असतो. "ज्यानं पसंती दाखवली तो फसला," हे त्याचं वाक्य पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे.

बाजारात ही अक्कल पंचवीस वर्षं चालली, आणि चालता चालता घरातही शिरली. भूक लागली तर तो "वाढ" म्हणायचा नाही, "आज भाजी कायची हाये?" असं विचारायचा. बायकोला, बेबीबाईला, लग्नाआधी पाहून आला तेव्हा पसंती कळवायला त्यानं बारा दिवस लावले होते. बेबीबाईच्या बापानं दुसरं स्थळ पाहायला घेतलं, तेव्हा हा घामाघूम होऊन सायकलनं त्यांच्या दारात पोचला. बेबीबाई हे अजून ऐकवते, आणि ऐकवताना हसते, कारण शेवटी तो आला होता.

अशा माणसाला एकुलती एक लेक, रुपा. आणि रुपाला कॉम्प्युटर शिकायचा होता.

ते वेड डिंपलनं लावलं. डिंपल म्हणजे शेजारच्या कवडूची मोठी मुलगी. नागपूरच्या एका कॉलेजातून कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी शिकली आणि पुण्याच्या कंपनीत लागली. रुपा बारावीत होती त्या वर्षी डिंपल पोळ्याला गावी आली. इश्वरभाऊच्या बैलांना ओवाळायला आली आणि ओसरीवर बसली. इश्वरभाऊनं तिला आडून आडून विचारायला सुरुवात केली.

"डिंपल, थ्या कंपनीत दिवसभर करते काय तू?"

"टेस्टिंग, काका. दुसऱ्यायनं बनवलेल्या ॲपातल्या चुका काढते."

"चुका काढाचा पगार देतात?"

"देतात ना. सरळ वापरून पायते, मंग उलटं वापरून पायते. जिथं नंबर टाकाचा तिथं नाव टाकते, नावाच्या जागी काहीच टाकत नाही. कुठं अडते, कुठं बंद पडते, ते लिवून देते. लोकायच्या हातात गेल्यावर अडलं तं पंचाईत होते."

इश्वरभाऊच्या तोंडावर एकदम उजेड पडला. तो स्वतः बैल असाच पारखायचा. देखणा बैल उभा असतो तेव्हा देखणाच असतो. त्याला बसवून उठवावं, पाण्यातून चालवावं, तोंडासमोर फटकन छत्री उघडावी, कानाशी थाळी वाजवावी, मग त्याची खोड कळते.

"म्हणजे तू खोड पायते," तो म्हणाला.

"बस, तेच करतो आमी."

त्या दिवसापासून डिंपलच्या नोकरीबद्दल त्याच्या मनात आदर बसला. मग तिच्या वर्गातल्या बाकीच्यांचं काय झालं तेही त्यानं विचारून घेतलं. एकजण बँकेचं नेटवर्क सांभाळतो. एकीनं नागपुरातल्या दवाखान्यांसाठी पेशंटच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर बनवलं. दोघं सरकारी परीक्षा देत बसलेत. एकजण मास्तर झाला, त्याच कॉलेजात. आणि एकानं सगळं सोडून मोहाडीकडे कोंबड्या पाळल्या, पण शेडातली गरमी किती हे त्याला घरबसल्या मोबाईलवर दिसतं, ते त्यानंच जुळवलंय. "म्हणजे शिकलेलं वाया नाही गेलं," इश्वरभाऊनं निकाल दिला. खांबाला टेकून रुपा सगळं ऐकत होती. तिनं त्याच दिवशी ठरवलं, डिंपलताईचं कॉलेज, डिंपलताईचीच शाखा, नागपूर.

पुढच्या उन्हाळ्यात प्रवेश परीक्षेत तिला एक्याण्णव पर्सेंटाइल मिळाले. डिंपलनं फोनवर सांगितलं, मागच्या वर्षी आपल्या कॉलेजात ती शाखा सत्याऐंशीला थांबली, तुझं नक्की होतं. रुपानं वहीच्या पानावर सात कॉलेजं क्रमानं लिहून काढली. पहिल्या नंबरवर नागपूर, आणि सगळ्यात शेवटी भंडाऱ्याबाहेरचं नवीन कॉलेज, जिथं तीच शाखा दोन वर्षांपूर्वी सुरू झाली होती. एवढ्यात धानाची रोवणी, म्हणजे लावणी, लागली, मजूर मिळेना, रुपा चार दिवस आईबरोबर चिखलात उतरली आणि तापानं आडवी पडली. कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरायचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा तिला उठवत नव्हतं आणि गावातलं नेट दोन दिवस बंद होतं.

"बाबा, तुमीच जा तुमसरले," ती अंथरुणातून म्हणाली. "विनोदभाऊच्या सेंटरवर. हा कागद द्या, तो भरून देईन. ओटीपी तुमच्याच मोबाईलवर येते."

इश्वरभाऊनं कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि एसटीत बसला. एसटीत बसल्या बसल्या त्यानं घडी उघडली. पहिल्याच ओळीत नागपूर, तेही ठळक अक्षरात, खाली रेघ मारलेलं. त्याला लेकीच्या भोळेपणाची दया आली. एवढी हुशार पोरगी, आणि बाजारात शिरताच बोट दाखवून सांगते की मला ती जोडी पाहिजे. आता नागपूरवाले हिला काय मोजतील? तुमसर येईपर्यंत त्याचा बेत ठरला.

विनोद हा तुमसरच्या बसस्टँडसमोर ऑनलाइन सेंटर चालवणारा शहाणासुरता माणूस. त्यानं कागद पाहिला, मग इश्वरभाऊनं सांगितलेला क्रम ऐकला आणि की-बोर्डवरचे हात उचलले.

"काका, कागदावर तं नागपूर पहिलं हाये."

"कागद राहू दे. भंडारा टाक पहिलं. दुसरं वर्धेकडचं. नागपूर टाक तिसरं."

"काका, पहिल्या नंबरचं भेटलं तं तेच पक्कं होते. मंग दुसरीकडे जाताच येत नाही."

इश्वरभाऊ हसला. ऐकू आलं नाही असं नव्हतं. ऐकलं, आणि दलालाचं बोलणं समजून सोडून दिलं. बाजारात दलाल असंच म्हणतात, आज जोडी सोडली तर उद्या दिसणार नाही. "टाक तू," तो म्हणाला, आणि वर डोळाही मारला. पाठीमागे आठ-दहा आईबाप कागद घेऊन ताटकळत होते. विनोदनं आणखी एकदा विचारलं, मग टाकलं. मोबाईलवर आलेले आकडे इश्वरभाऊनं मोठ्या रुबाबात वाचून दाखवले. ज्या मशीनसमोर हा सगळा सौदा चालला होता त्याला डोळे नाहीत, ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहत नाही, हे त्याच्या गावीही नव्हतं.

घरी येऊन तो रुपाला एवढंच म्हणाला, "भरला फॉर्म. जमलं काम." त्यात खोटं काही नव्हतं, त्याच्या मते.

पाच दिवसांनी निकाल आला. तोवर रुपाचा ताप उतरला होता, नेटही आलं होतं. ती अंगणात उभी राहून मोबाईलवर वाचत होती आणि एकदम म्हणाली, "आई, पसंती क्रमांक एक! पहिल्या नंबरचं भेटलं मले." बेबीबाई पदराला हात पुसत धावली, तिनं डब्यातली चिमूटभर साखर लेकीच्या तोंडात घातली. इश्वरभाऊ गोठ्याच्या दारातून पाहत होता. पहिल्या नंबरचं, हे ऐकताच त्यानं हातातला चारा खाली ठेवला. रुपानं बोटानं पडदा वर सरकवला, कॉलेजचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं. तोंडातली साखर विरघळायच्या आत तिचा चेहरा उतरला.

"भंडारा?" ती म्हणाली. मग बापाकडे वळली. "बाबा, तुमी काय भरलं?"

त्यानं सांगितलं. बाजाराची रीत, पहिली जोडी, दुसरी जोडी, तिसऱ्या खेपेला जाऊन उभं राहणं, सगळं. सांगता सांगता त्याचं त्यालाच ते कसंतरी वाटू लागलं. रुपा ओरडली नाही. ती नुसती ओसरीच्या पायरीवर बसली आणि रडू लागली, आणि ते रडणं कुणाला ऐकू येऊ नये म्हणून तोंडावर ओढणी धरली. बेबीबाईनं मात्र नवऱ्याला सोडलं नाही.

"अजी, बैलबाजाराचं नाव कायले घेता? लेक दूर जाऊ नये म्हणून केलं तुमी. खरं बोला."

"नाही व, देवाशप्पथ."

"मंग एवढ्या सात नावातून भंडाराच बरं सापडलं तुमाले."

तो विनोदकडे पळत गेला. विनोदनं तेच सांगितलं जे आधी सांगितलं होतं. पहिल्या पसंतीचं मिळालं, ते नाकारलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. वर्ष वाया घालवायचं किंवा भंडारा घ्यायचं. रुपानं भंडारा घेतलं.

त्या दिवशी तुमसरहून परत आल्यावर इश्वरभाऊ गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. लेकीचं वाटोळं केलं म्हणून त्याला लाज वाटत होती, जीव जाईल इतकी. पण त्या लाजेखाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्यानं बेबीबाईलाच काय, बैलालाही सांगितली नसती. रुपा घरीच राहणार, हे कळल्यावर त्याला बरं वाटलं होतं. मग बेबीबाई म्हणते ते खरं की काय? फॉर्म भरताना हे मनात नव्हतं, तो स्वतःला बजावत राहिला. पण मग सात नावांतून भंडाराच का?

कॉलेज सुरू झालं. सकाळी साडेसहाची एसटी, तुमसरला बदलून दुसरी, भंडाऱ्यात उतरून ऑटो. संध्याकाळी तेच उलटं. घर ते बसथांबा हे दीड किलोमीटर इश्वरभाऊ तिला रोज मोटरसायकलवर सोडायचा. बस कधी वेळेवर यायची, कधी वीस मिनिटं उशिरा. तेवढा वेळ बापलेक थांब्याच्या शेडमध्ये शेजारी शेजारी बसायचे आणि रुपा मोबाईल पाहायची. तो विचारायचा, "डबा घेतला?" ती म्हणायची, "हो." दिवाळीपर्यंत त्यांचं बोलणं डब्याच्या पुढे गेलं नाही. ही पोरगी भांडली असती तर परवडलं असतं, असं त्याला वाटायचं.

दिवाळीनंतर एका सकाळी बस फारच उशिरा होती. रुपाच्या मांडीवर वही उघडी होती. इश्वरभाऊनं वहीत डोकावून पाहिलं. इंग्रजी अक्षरं, कंस, अर्धवट ओळी.

"हे काय हाये?" त्यानं विचारलं.

"प्रोग्राम." मग बहुतेक कंटाळ्यानंच ती सांगू लागली. "कॉम्प्युटरले एकेक काम सांगा लागते. पहिलं हे कर, मंग हे कर. काल माहं पूर्ण चुकलं. मले वाटलं त्याले समजन. पण त्याले आपल्या मनातलं काहीच समजत नाही, बाबा. जे लिवलं तेच करते, आन् ज्या क्रमानं लिवलं त्याच क्रमानं करते."

बोलून झाल्यावर तिलाच कळलं आपण काय बोललो. दोघंही समोरच्या रस्त्याकडे पाहू लागले. एक मँगनीजचा ट्रक चिखल्याच्या खाणीकडून आला आणि धूळ उडवत गेला.

"हे मले कोणी जुलैत सांगतलं असतं तं," इश्वरभाऊ म्हणाला.

"विनोदभाऊनं सांगतलं होतं."

"हो. सांगतलं होतं त्यानं."

आणि रुपा हसली. आधी नाकातून, मग मोकळी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इश्वरभाऊ हसला नाही. त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं उगाच उठून मोटरसायकलचा आरसा पुसला.

तिथून त्या सकाळी बदलल्या. रुपा बोलायची आणि तो ऐकायचा. लूप म्हणजे काय, तर मळणीच्या खांबाभोवती बैल फिरवतो तसं, सोडायचं कधी ते आधीच सांगून ठेवायचं. डेटाबेस म्हणजे काय, हे तिनं त्याला तीन दिवस समजावलं आणि तिसऱ्या दिवशी दोघांनी मिळून सोडून दिलं. रिता मॅडम म्हणून एक बाई होत्या, त्यांचं नाव रोज निघायचं. शेताच्या बांधावर काम करतानाही इश्वरभाऊ मनातल्या मनात दुसऱ्या दिवशी विचारायचे प्रश्न जुळवायचा. कवडूनं एकदा विचारलं, कसला विचार करतो रे? तर हा म्हणाला, व्हायरसचा.

फेब्रुवारीत पालकांची सभा होती. इश्वरभाऊ धुतलेला सदरा घालून भंडाऱ्याला गेला आणि त्यानं कॉलेज तपासलं. तपासलं हाच शब्द बरोबर आहे. लॅबमधली मशीनं मोजली. चाळीस होती, त्यातल्या नऊ मशीनांवर बंद म्हणून चिठ्ठी लावलेली. एका मुलाला त्याच्यासमोर मशीन बंद करून पुन्हा सुरू करायला लावलं आणि ते जागं व्हायला किती वेळ घेतं ते घड्याळात पाहिलं. पंखे लावून पाहिले. पिण्याच्या पाण्याचा नळ उघडून पाहिला. रुपा लाजेनं भिंतीला चिकटून उभी होती. रिता मॅडम मात्र हसत सगळीकडे त्याच्यासोबत फिरल्या. शेवटी त्यानं मुद्द्याचं विचारलं.

"मॅडम, इथून सुटलेले पोट्टे कुठं लागतात?"

"अजून पहिली बॅचच बाहेर पडायची आहे, काका," मॅडम म्हणाल्या. त्यांनी काही लपवलं नाही. "आम्ही प्रयत्न करतो. पण कंपन्या नागपूरच्या जुन्या कॉलेजांत आधी जातात, आमच्याकडे यायला त्यांना वेळ लागेल. हुशार मूल इथूनही पुढे जातं, फक्त त्याला दुप्पट धावावं लागतं." मग त्या भिंतीपाशी उभ्या रुपाकडे पाहून थोड्या हळू आवाजात म्हणाल्या, "खरं सांगू? तुमची मुलगी नागपूरला असायला हवी होती."

परतीच्या बसमध्ये रुपा खिडकीला डोकं टेकून झोपली. वरठी गेली, मोहाडी गेली, इश्वरभाऊ ते एकच वाक्य घेऊन बसला होता. त्याला ते आवडलं नाही, आणि ते खरं होतं.

जुलैत पहिल्या वर्षाचा निकाल लागला. रुपा कॉलेजात पहिली आली. त्याच आठवड्यात मंगळवारी इश्वरभाऊ पीकविम्याच्या कामासाठी विनोदच्या सेंटरवर गेला.

"काका, बरं झालं आले," विनोद म्हणाला. "नागपूरच्या थ्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाले तीन जागा खाली हायेत, कॉम्प्युटर टेक्नॉलॉजीच्या. बदली घेता येते, मार्कावर. रुपाचे मार्क तं पक्के हायेत. शनिवार शेवटची तारीख. तिच्या कॉलेजचं पत्र लागते आन् तुमची सही." त्याच्याही मनाला तो मागचा फॉर्म लागून राहिला असावा. त्यानं छापलेला अर्ज काढून इश्वरभाऊच्या हातात दिला.

इश्वरभाऊनं अर्जाची घडी केली आणि खिशात ठेवली. घरी आला. रुपा अंगणात बसून आईच्या केसांना तेल लावत होती आणि काहीतरी सांगून तिला हसवत होती. तो पाय धुवायला गेला. मग जेवला. अर्ज खिशातच राहिला.

बुधवारी सकाळी थांब्यावर त्यानं सांगायचं ठरवलं, तर रुपा कॉलेजात बनवायच्या प्रोजेक्टबद्दल बोलू लागली. त्याला वाटलं, उद्या सांगू. गुरुवारी बस वेळेवर आली. खोटं कशाला बोलायचं, बस वेळेवर आल्याचा त्याला आनंद झाला. शनिवार गेला की हा विषयच संपला असता, आणि कुणाला काही कळलं नसतं. तीन वर्षं. रोज सकाळी ही पोरगी मागे बसून खांद्यावर हात ठेवणार, थांब्यावर बडबड करणार. गेल्या वर्षी जे केलं ते चुकून केलं, असं तो जगाला सांगू शकत होता. या वेळी गप्प राहिला तर ते चुकून नसेल. बेबीबाईनं वर्षापूर्वी केलेला आरोप या वेळी शंभर टक्के खरा होणार होता, आणि तो खरा आहे हे फक्त त्यालाच माहीत असणार होतं.

शुक्रवारी थांब्यावर बसताच त्यानं खिशातून अर्ज काढला.

"रुपा, नागपूरच्या कॉलेजात तीन जागा खाली हायेत. दुसऱ्या वर्षाले. उद्या शेवटची तारीख हाये."

रुपानं अर्ज घेतला नाही.

"तुमाले कधी समजलं?"

"मंगळवारी."

"मंगळवारी. आन् आज सांगून राहिले?"

"हो."

रुपानं बॅगेची चेन उघडली आणि प्लास्टिकची फाइल काढली. तिच्यात तोच अर्ज होता, पूर्ण भरलेला. मागे रिता मॅडमनी मिळवून दिलेलं कॉलेजचं पत्र होतं, गुणपत्रिका होती. पालकाच्या सहीची जागा तेवढी कोरी होती. अर्जावरची तारीख सोमवारची होती.

"तुले सोमवारपासून माहीत होतं?" इश्वरभाऊनं विचारलं. "मंग बोलली काहून नाही?"

"तुमी सकाळी इतके खुश राहता," रुपा म्हणाली. "मले वाटलं, विचारलं तं तुमी नाही म्हणणार नाही. आन् मंग रोज एकटे घरी वापस जाल. म्हणून रोज बॅगेत घेऊन याची आन् घेऊन जाची."

इश्वरभाऊला वर्षभरात पहिल्यांदा स्वतःचा खराखुरा राग आला. आपण मनातलं मनात ठेवायला शिकलो, त्याची फुशारकी मारली, आणि ही पोरगी ते गुपचूप बघून शिकली. आता एकाच बाकावर बसून दोघंही एकमेकांपासून लपवत होते. कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं, आणि मोठा तो होता.

"ऐक," तो म्हणाला. "मागच्या साली तुह्या आईनं म्हटलं, लेक दूर जाऊ नये म्हणून मी तसा फॉर्म भरला. मी नाही म्हटलं. भरताना तसं मनात नव्हतं, मले तरी तसंच वाटते. पण निकाल लागला, तू पायरीवर बसून रडत होती, आन् मले मनातून बरं वाटलं. तू घरी राहशीन म्हणून. तू रडत होती आन् मले बरं वाटलं. हे मी कोणालेच सांगतलं नाही."

रुपानं फाइल छातीशी धरली.

"आतापण सांगतो. मले वाटते तू जाऊ नये. सकाळचा हा टाइम मले पायजे. संध्याकाळी गाडीतून तू उतरते, ते पायाले पायजे. हे माहं झालं." त्यानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "पण मॅडम म्हणे ते खरं हाये. तुले तिथंच असाले पायजे. तू जाय. आन् पेन दे इकडे."

"बाबा, तुमी असं म्हणता, मंग मी कशी जाऊ?"

"मी खरं सांगतलं म्हणून जाय. खोटं बोलून पाठवलं असतं तं तुले तिथं बसून चिंता लागली असती, बाप मनातून काय म्हणते म्हणून. आता तुले माहीत हाये ना? झालं तं मंग."

मोटरसायकलच्या सीटवर अर्ज ठेवून त्यानं सही केली. सीट मऊ होती, त्यामुळे 'श्व' जरा वाकडा आला. रुपा म्हणाली, चालते. तिकडून बस दिसू लागली होती. आज ती भंडाऱ्यात उतरून पुढे नागपूरची गाडी धरणार होती, अर्ज स्वतःच्या हातानं द्यायला.

बस थांबली. रुपा चढली, पायरीवरच उभी राहिली आणि दांडा धरून खाली वाकली.

"मी दर शनिवारी येईन, बाबा."

"दर शनिवारी कायले? अभ्यास राहते. जमन तवा ये."

कंडक्टरनं घंटी वाजवायला दोरीला हात घातला होता. रुपा पायरीवरून हलली नाही. "बाबा," ती म्हणाली, "खरं काय वाटते ते सांगा."

इश्वरभाऊनं कंडक्टरकडे पाहिलं, खिडक्यांतून बघणाऱ्या लोकांकडे पाहिलं.

"दर शनिवारी ये," तो सगळ्यांदेखत म्हणाला.